थोडक्यात वाचलेल्यांचा रकाना

४ जून २०२४ ला दुपारी नाशिक जिल्ह्यात बहुतेकांचे डोळे टीव्हीवर होते. लोकसभेची मतमोजणी चालू होती आणि दिंडोरी, नाशिक दोन्हीकडचे आकडे दर फेरीला हलत होते. त्याच वेळी निफाड तालुक्यात शिरसगावच्या शिवारात सुखोई-३० जातीचे लढाऊ विमान कोसळले. ओव्हरहॉलसाठी ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडे, म्हणजे आपल्या एचएएलकडे, आलेले हे विमान होते. दोन्ही वैमानिक आसनासकट बाहेर पडून पॅराशूटने खाली आले आणि किरकोळ जखमांवर निभावले. विमानाचे तुकडे मात्र शेतातून दूरवर पसरले. त्याच्या सहा वर्षे आधी, २७ जून २०१८ ला, याच तालुक्यात वावी-ठुशीच्या शिवारात दुसरे सुखोई पडले होते. ते ओझरच्या कारखान्यात नुकतेच बांधून झालेले होते आणि हवाई दलाच्या ताब्यातही गेलेले नव्हते. तेव्हाही दोन्ही वैमानिक वाचले.

दोन्ही वेळा मनुष्यहानी शून्य. तरी हवाई दलाच्या हिशेबात अशा अपघाताची जागा सगळ्यात वरची आहे. विमान पूर्ण नष्ट झाले, किंवा दुरुस्त करणे परवडणार नाही इतके मोडले, की तो ‘कॅटेगरी-वन’. आपल्या हवाई दलाची सुरक्षितता मोजायचा नेहमीचा आकडा यावरच उभा आहे: दर दहा हजार उड्डाणतासांमागे किती अपघात. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीपुढे २०२४ च्या अखेरीस आलेल्या माहितीनुसार २००० ते २००५ या काळात हा दर ०.९३ होता, तो २०२० ते २०२४ मध्ये ०.२० पर्यंत खाली आला. सुधारणा मोठी आहे, यात वाद नाही. पण वैमानिक वाचला की गेला, विमान माळरानावर पडले की कोणाच्या उभ्या बागेवर, याने या आकड्यात फरक पडत नाही. प्रतवारी विमानाच्या मोडतोडीची आहे. ब्रिटिश हवाई दलाचे क्रमांक नेमके उलटे चालत. तिथे पाच म्हणजे भंगार आणि एक म्हणजे जागच्या जागी दुरुस्त होणारे. मोजायची वस्तू मात्र दोन्हीकडे तीच.

नागरी विमानांचे शास्त्र वेगळ्या वाटेने वाढले. त्याची मुळे ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारात आहेत. हा करार लष्करी विमानांना लागूच होत नाही. एका देशाचे विमान दुसऱ्या देशात पडले तर चौकशी कोणी करायची, हे त्याच्या २६ व्या कलमाने सांगितले. त्यावर ११ एप्रिल १९५१ ला तेरावे परिशिष्ट मंजूर झाले. अपघात म्हणजे काय, याची जगभर चालणारी व्याख्या या परिशिष्टातून आली: उड्डाणाच्या हेतूने माणसे विमानात चढल्यापासून शेवटचा माणूस उतरेपर्यंत कोणी मेले किंवा गंभीर जखमी झाले, विमानाच्या सांगाड्याला मोठी इजा झाली, किंवा विमान बेपत्ताच झाले, तर तो अपघात. विमा कंपन्या, वकील आणि सरकारे यांना चालेल अशी ही कोरडी, कामाची व्याख्या आहे. शेतकऱ्याच्या पिकाची नुकसानी तिच्यातही नाही.

या व्याख्येत पहिली दशके तरी जीव आणि पत्रा हेच मोजमाप होते. आपल्या भागात त्याचा सगळ्यात भीषण दाखला नाशिकहून फार लांब नाही. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री अलितालियाचे डीसी-८ विमान सिडनीहून बँकॉकमार्गे मुंबईकडे येत होते. जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर ते आदळले आणि विमानातली सर्व ९४ माणसे गेली. आपण मुंबईच्या जेवढे जवळ आलो आहोत असे वैमानिकांना वाटत होते, तेवढे ते आलेले नव्हते. सह्याद्री अजून ओलांडायचा बाकी असताना त्यांनी उंची सोडायला सुरुवात केली. इंजिन ठीक, विमान ठीक, वैमानिक शुद्धीवर, आणि समोर अंधारात डोंगर. त्याआधी किती विमाने घाटावर अशीच वेळेआधी खाली आली असतील आणि काही फुटांनी सुटली असतील? असे काही झाले असेल तर ते कुठेच लिहिले गेले नसणार. तोवर न घडलेल्या अपघाताला रकानाच नव्हता.

ही उणीव किती महागात पडते हे अमेरिकेत १ डिसेंबर १९७४ ला दिसले. वॉशिंग्टनजवळ उतरायला निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे बोइंग ७२७ व्हर्जिनियातल्या एका डोंगरावर आदळले, ९२ बळी. नकाशावरच्या एका सूचनेचा वैमानिकांनी लावलेला अर्थ आणि नियंत्रकाला अभिप्रेत असलेला अर्थ वेगळे निघाले. चौकशीत कळले की सहा आठवड्यांपूर्वी युनायटेडचे एक विमान याच जागी याच गोंधळातून जेमतेम वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले होते. बाकीच्यांपर्यंत ते पोचले नाही. त्यानंतर १९७६ मध्ये नासाने नाव गुप्त ठेवून चुका कळवायची यंत्रणा सुरू केली. ती नियामकाऐवजी नासाकडे देण्यात शहाणपण होते. शिक्षा करणाऱ्याला कोण स्वतःची चूक कळवणार?

आपल्याकडे मुंबईत मात्र हा धडा त्याच्याही आधी, अगदी प्रयोगशाळेत मांडल्यासारखा, घडून गेला होता. जुहू आणि सांताक्रूझ या दोन धावपट्ट्या एकमेकींपासून दोन-चार किलोमीटरवर आणि जवळपास एकाच दिशेला. टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून टपालाचे विमान आणले ते जुहूलाच उतरले होते; पुढे मोठी विमाने सांताक्रूझला गेली आणि जुहूची धावपट्टी आखूडच राहिली. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनी बीओएसीचे कॉमेट, त्या काळचे जगातले पहिले प्रवासी जेट, सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. ते थांबले, कोणाला खरचटले नाही, आणि काही दिवसांनी वजन हलके करून ते तिथूनच उडवून नेले. मुंबईकरांना एक गंमतीदार बातमी मिळाली. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने सकाळी तीच चूक केली. लंडनहून टोकियोला निघालेले, १२२ माणसांचे विमान जुहूच्या सव्वा किलोमीटरच्याही आतल्या पट्टीवर टेकले. पट्टी संपली, विमान पुढे घसरले आणि पुन्हा कधी उडाले नाही. प्राण कोणाचे गेले नाहीत, काही जण जखमी झाले.

चूक एकच, जागा एकच, सबबही बहुधा एकच. १९५३ चे प्रकरण किरकोळ घटना ठरले आणि १९७२ चे अपघात. मधल्या १९ वर्षांत पहिल्या घटनेला तिच्या संभाव्य परिणामाच्या मापाने कोणी तोलले असते, तर दुसरी टळली असती असे छातीठोक म्हणता येणार नाही. पण तोलले गेले नाही, हे खरे.

हा विचार नियमांत यायला १९९४ उजाडले. तेराव्या परिशिष्टाच्या आठव्या आवृत्तीत ‘गंभीर घटना’ ही नवी पायरी आली: अपघात घडण्याची मोठी शक्यता होती, पण घडला नाही. व्याख्येखालच्या टिपेत एक वाक्य आहे, त्याचा आशय असा की अपघात आणि गंभीर घटना यांत फरक फक्त निष्पत्तीचा. सोबत उदाहरणांची यादी दिली: दोन विमानांची टक्कर शेवटच्या क्षणी बाजूला झाल्याने टळणे, डोंगराला घासून जाणे, चुकीच्या किंवा बंद धावपट्टीवर उतरणे, केबिनमध्ये धूर, वैमानिकाची शुद्ध हरपणे, इंधन तळाला जाणे. १९५३ चे कॉमेट आज जुहूला उतरले तर या यादीत ते नेमके बसेल.

यादी वाचताना वाटते की आता हे शास्त्र पूर्ण झाले. तसे नाही. २६ एप्रिल १९९३ ची औरंगाबादची दुर्घटना आठवा. चिकलठाण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ उन्हाळ्याच्या तापलेल्या दुपारी जड होऊन धावत होते. वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला. पट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक होता. विमान त्याला लागले, पुढे विजेच्या तारांना अडकले आणि काही किलोमीटरवर पडले. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीने दोन कारणे नोंदवली: वैमानिकांची चूक, आणि उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखणे. आता तो ट्रक चार सेकंद आधी किंवा नंतर गेला असता तर? विमान थोडे उशिरा, थोडे खालून उडाले असते, मुंबईला उतरले असते आणि प्रकार ‘घटना’ म्हणूनसुद्धा नोंदवला गेला नसता. सगळ्यात धोकादायक परिस्थिती अशी असते की ती रोज घडते आणि रोज काहीच होत नाही. तिला दर्जा देणार कोण आणि कोणत्या प्रसंगाच्या निमित्ताने?

ओझरची गोष्ट याच प्रश्नाची लष्करी बाजू आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाल्यावर १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून बिनविरोध निवडून गेले आणि १९६४ मध्ये ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. पुढच्या दोन दशकांत मिग-२१ च्या सहाशेहून जास्त विमानांची बांधणी एचएएलने केली. ओझरच्या टाउनशिपमधल्या एका पिढीचा संसार या विमानावर झाला. आणि हेच विमान पुढे देशभर ‘उडती शवपेटी’ म्हणून ओळखले गेले. २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलेला हिशेब असा: घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी १९७१-७२ पासून ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले.

या आकड्यांना शवपेटीचे विशेषण पुरेसे उत्तर नाही, असे मला वाटते. १९८२ मध्ये एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने सांगितले होते की नवख्या वैमानिकाला साध्या प्रशिक्षण विमानावरून एकदम मिगच्या वेगावर बसवणे हीच मोठी अडचण आहे. मधल्या टप्प्याचे प्रगत जेट प्रशिक्षक विमान हवे. ते प्रशिक्षक विमान, हॉक, हवाई दलात आले २००८ मध्ये. पायरी मधली नव्हती, हे २६ वर्षे माहीत होते. दरम्यान प्रत्येक अपघाताची स्वतंत्र कोर्ट ऑफ इन्क्वायरी होत होती, कारणाच्या रकान्यात ‘मानवी चूक’ लिहिले जात होते आणि अहवाल फायलीत राहत होता. लष्करी चौकशीचे अहवाल लोकांसमोर येत नाहीत.

पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ ला राजस्थानात सुरतगडजवळ मिग-२१ च्या अपघातात गेले. दोष वैमानिकावर ढकलला गेला तो त्यांच्या आईवडिलांनी, कविता आणि अनिल गाडगीळ यांनी, मान्य केला नाही. त्यांनी पत्रव्यवहार केला, वर्तमानपत्रांतून प्रश्न विचारले, हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली. घरात बसून आकांत करणे सोपे होते. त्यांनी तक्ता मागितला: तीव्रता विमानाच्या नुकसानीवर, कारण वैमानिकावर, मग प्रशिक्षण आणि सुटे भाग कोणत्या रकान्यात? शेवटचे मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला सेवेतून गेले. ओझरच्या त्याच कारखान्यातून आता तेजस उडते आहे.

नागरी बाजूला भारतात एक मोठी अडचण वेगळीच होती. जो नियामक तोच तपास करणारा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, परवाने देणार, पट्ट्यांवर लक्ष ठेवणार आणि काही बिघडले की चौकशीही तेच करणार. मोठ्या अपघातात न्यायाधीशाकडे चौकशी जायची. किरकोळ घटनांत घरचे प्रकरण घरात. २२ मे २०१० ला मंगळूरच्या टेबलासारख्या पठारावरच्या धावपट्टीवरून एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान दरीत गेले, १५८ बळी. या अपघाताच्या चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले, हवाई दलाचे माजी उपप्रमुख, पुण्याचे. वैमानिकांच्या चुका दाखवतानाच त्यांनी तपास नियामकापासून वेगळा काढण्याची शिफारसही केली. २०१२ च्या जुलैमध्ये नवे नियम आले आणि ३० जुलैला विमान अपघात अन्वेषण ब्युरो, एएआयबी, स्थापन झाला. काम वाटले गेले ते प्रतवारीनेच: मोठ्या विमानांचे अपघात आणि गंभीर घटना ब्युरोकडे, साध्या घटना डीजीसीएकडे. म्हणजे आता दर्जा ठरवणे हा कारकुनी प्रश्न राहिला नाही. ‘गंभीर’ हा एक शब्द लावला की तपास दुसऱ्या इमारतीत जातो, अहवाल प्रसिद्ध होतो. ब्युरो अजूनही डीजीसीएच्याच मंत्रालयाखाली आहे, आणि हे अर्धवट स्वातंत्र्य मला पटत नाही. पण आधीच्यापेक्षा बरे.

७ फेब्रुवारी २०१८ ला मुंबईच्या हवाई क्षेत्रात दिल्लीहून पुण्याला येणारे विस्ताराचे विमान आणि मुंबईहून भोपाळला जाणारे एअर इंडियाचे विमान इतके जवळ आले की उंचीतला फरक बातम्यांनुसार शंभर फुटांवर गेला. टक्कर टाळणाऱ्या यंत्राने दोन्हीकडे इशारा दिला आणि वैमानिकांनी तो पाळला. हवाई वाहतूक नियंत्रणात अशा प्रसंगांना अ ते ड अशा श्रेणी आहेत: टकरीचा धोका होता, सुरक्षितता राखली गेली नाही, धोका नव्हता, ठरवता येत नाही. इथे निष्पत्ती काहीच नाही, ओरखडासुद्धा नाही. तरी तपास झाला. १९६२ च्या नियमांत हा प्रसंग कागदावर आला असता का, याची शंकाच आहे.

आता नाशिकचे एक विमान. १ सप्टेंबर २०२२ ला स्पाइसजेटचे बोइंग ७३७ दिल्लीहून ओझरला निघाले आणि अर्ध्या वाटेतून दिल्लीला परतले. ऑटोपायलट बिघडला होता. विमान सुखरूप उतरले, प्रवाशांना उशीर झाला, डीजीसीएने दोन वाक्यांत माहिती दिली. ऑटोपायलटशिवाय विमान चालवता येते. वैमानिकाने परत फिरणे हा शहाणपणा. एकट्याने पाहिले तर ही तळाच्या पायरीची घटना.

पण ती एकटी नव्हती. त्या उन्हाळ्यात याच कंपनीच्या विमानांत १८ दिवसांत किमान आठ बिघाड झाले होते; केबिनमध्ये धूर, समोरच्या काचेला तडा, इंधनाचा चुकीचा आकडा दाखवणारे उपकरण. डीजीसीएने ६ जुलैला कारणे दाखवा नोटीस काढली आणि २७ जुलैला आठ आठवड्यांसाठी उड्डाणे मंजूर संख्येच्या निम्म्यावर आणली. यात काही नवीन होते. त्या आठांपैकी एकाही घटनेत कोणी मेले नव्हते. नियामकाने पायऱ्या बाजूला ठेवून बेरीज केली: किरकोळ घटनांची रांगच एक तीव्रता आहे. कंपनीला हे अन्यायाचे वाटले असेल, आणि आकडे मोजायला सोपे म्हणून मोठ्या कंपन्यांचे बिघाड अधिक दिसतात हेही खरे. तरी १९५३ च्या जुहूनंतर जे झाले नाही ते इथे झाले. नाशिकचे विमान परतले ते या निम्म्या वेळापत्रकाच्या काळात. २१ सप्टेंबरला डीजीसीएने घटना कमी झाल्याचे मान्य केले, पण खबरदारी म्हणून निर्बंध ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढवले.

त्याच आठवड्याच्या आसपास दुर्गापूरच्या रुग्णालयात एका प्रवाशाचा मृत्यू झाला. १ मे ला मुंबईहून दुर्गापूरला जाणारे याच कंपनीचे विमान उतरताना वादळी हवेत सापडले होते आणि अनेक जण जखमी झाले होते. तो प्रवासी तेव्हापासून उपचार घेत होता. गंभीर जखमी होते, म्हणून तो प्रसंग ‘अपघात’ ठरलाच होता. पण व्याख्येप्रमाणे अपघाताच्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला तरच तो बळींच्या आकड्यात धरतात, म्हणजे सगळ्या देशांची आकडेवारी एका पट्टीने मोजता येते. हा माणूस जवळजवळ पाच महिन्यांनी गेला. त्यामुळे जागतिक तक्त्यात त्या उड्डाणाच्या पुढे मृत्यूंचा आकडा शून्यच राहतो.